बाईंची चुकीची वऱ्हाडी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला. शाळेबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण कागद घेऊन बसलो की मराठीच्या बाईच समोर येतात. नाव लिहीत नाही. रत्नागिरीकडच्या बाई म्हटलं की आपल्या काळातल्या कोणालाही कळेल.

आठवीत मी मागच्या बाकावर, खिडकीला चिकटून बसायचो. तालुक्याच्या स्पर्धेत माझ्या 'मले-तुले'वर एक परीक्षक हसले होते, तेव्हापासून तोंडाला कुलूप. आणि इकडे बाई! आल्या तशा वऱ्हाडी बोलू लागल्या, तीही धडधडीत चुकीची. 'पाऊस पडून राह्यली' म्हणायच्या, वर्ग खिदळायचा, बाई कानापर्यंत लाल व्हायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा 'कापसाचं झाड' म्हणाल्या आणि मला राहवलं नाही. "पऱ्हाटी म्हणतेत, बाई."

त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः माझ्या बाकावर जाऊन बसल्या, माझं दप्तर मांडीवर घेऊन. मी फळ्यावर पऱ्हाटी काढली. पाती, फूल, बोंड, सरकी. बाई वहीत उतरवून घेत होत्या!

मग 20 डिसेंबर आला, गाडगेबाबांची पुण्यतिथी. भाषणाला माझं नाव. "बाई, मले शुद्ध येत नाही." "बाबा कीर्तनात कुठल्या भाषेत बोलायचे रे?" यावर काय बोलणार?

चौथ्या वाक्याला गाडी अडली. सतरंजीवर खसखस सुरू झाली. पळून जावंसं वाटत होतं, पण तोंडातून निघालं, "मले पुढचं आठवून नाही राह्यलं." तेवढ्यात बाई खुर्चीतून ओरडल्या, "बाबाच्या हातात काय राहे?" पोरं ओरडली, "खराटा!" "अन् डोक्यावर?" "गाडगं!" बाबाही कीर्तनात लोकांना असेच प्रश्न विचारत. मग मीच विचारत सुटलो. बक्षीस दुसऱ्याला मिळालं, ते बरोबरच होतं. त्याचं पाठ होतं.

पुढे मी कृषी सहायक झालो. 2017 साली गुलाबी बोंडअळी आली तेव्हा डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्यानं न उमललेली फुलं, मी पाहिल्या होत्या. बीटी आहे, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं बियाणं, काही होत नाही, असं सांगून मोकळा झालो होतो. पुढे बोंडं फोडली तर आत अळी अन् किडकी सरकी. गाव पारावर जमलं. माझ्याजवळ कारणांचा कागद होता, हवामान, उशिराची फवारणी वगैरे. तो खिशातच राहू दिला. "मायं चुकलं," म्हणालो. शिव्या पडल्याच. मग एक म्हातारबा म्हणाले, "बरं, आता काय करावं ते सांग." सांगितलं, फरदड ठेवू नका, म्हणजे हंगाम संपल्यावर पीक राखू नका, पऱ्हाटी उपटा, पुढच्या हंगामात नर पतंगांना गंधानं ओढणारे कामगंध सापळे लावा. त्या वर्षीपासून त्या गावात मला चहा न पिता निघता येत नाही.

शाळेत परवा डोकावलो. फळा आता पांढरा झालाय, खडू नाही. पोरं मोजकीच, बाकीची सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात. असो.

कार्यक्रमाचं सांगायला बाईंना फोन केला. म्हटलं, "येता काय, बाई?"

"मन तं लय होते रे, पण गुडघे म्हणून राह्यले, जाऊ नोको."

एक चूक नाही. मला उगाच वाईट वाटलं.