सागरगड अपडेट: खांदेरी-उंदेरी अखेर वेगवेगळ्या दिसल्या!

खांदेरी दिसली मंडळी! दीपगृहासकट, उंदेरीपासून सुटी. (थळसमोरच्या समुद्रातली ही दोन किल्ल्यांची बेटं.) आणि नऊच्या आसपास परत गायब. म्हणून हा अपडेट आनंदाचा आणि चिडचिडीचा दोन्ही आहे, जरा मोठा होणार.

नेम जुनाच, पायथ्यापर्यंत सायकल, वर पायी, आणि माथ्यावरून समुद्र नीट दिसलाच पाहिजे. अलिबागजवळच्या सागरगडावर घोडं अडलंय हे ग्रुपच्या जुन्या मेंबरांना माहितीच आहे. गडाची उंची १३५७ फूट म्हणजे ४१४ मीटर, गणिताने क्षितिज सत्तर किलोमीटरच्या पलीकडे जातं, खांदेरी सरळ रेषेत जेमतेम पंधराच्या आसपास. म्हणजे अंतराचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे धुरकटपणाचा. वर जावं तर अलिबाग दिसतं, कुलाबा किल्ला अंदाजाने कळतो आणि त्यापुढे पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं काही समजत नाही, सगळं एकच पांढरट.

यावर किती डोकं खाल्लंय ते सांगते. आधी वाटायचं की हिवाळा म्हणजे स्वच्छ हवा. थंडी असते, ऊन असतं, ट्रेकला मस्त, पण रात्रभर वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि अख्ख्या पेण-पनवेल पट्ट्याची धूळ-धूर आपल्यासमोर पाण्यावर नेऊन ठेवतो. साडेदहा-अकरानंतर खारं वारं सुरू होतं, मग जरा साफ होईल म्हणावं तर सूर्य डोक्यावरून पश्चिमेकडे कललेला असतो आणि धुरकं उजळून निघतं, सकाळपेक्षा वाईट. संध्याकाळी पाणी सोन्यासारखं चमकतं, फोटो भारी येतात, पण ती चमक आहे, बेटं त्यात काळे ठिपके. मला ठिपके नकोत, तटबंदी हवीय. म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी हवा, म्हणजे सकाळच हवी, आणि सकाळी वारा उलटा. असा तिढा.

त्यात फेब्रुवारीनंतर राब भाजायला (शेतात पालापाचोळा जाळायला) सुरुवात होते, मग तर मे संपेपर्यंत विचारूच नका. पावसाळ्यात हवा धुतलेली असते पण गडच ढगात. राहता राहिले सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात.

या वेळी कामाला आली ती आर्द्रता. समुद्राजवळच्या हवेत मिठाचे बारीक कण असतात आणि आर्द्रता पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून फुगतात, आणि फुगलेला कण उजेड जास्त पसरवतो. धूर तेवढाच असला तरी दमट सकाळी दुप्पट धुरकट दिसतं ते यामुळे. तेव्हापासून मी हवामानाच्या ॲपमध्ये पावसाची टक्केवारी बघणं सोडून दवबिंदू बघते. तापमान आणि दवबिंदू यात चार-पाच अंशांचं अंतर सकाळी आठलाच पडणार असेल आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला असेल, तर निघायचं. दोन्ही एकत्र असा दिवस सहजी मिळत नाही, दिवाळीनंतरच्या अवकाळी सरीने मिळाला.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, सायकल सरळ आत, कसलं उचलणं नाही की शिडी नाही. (गेटवेच्या लाँचवर सायकल चढवण्याची खटपट मी आता करणार नाही, ज्यांना करायची त्यांनी खुशाल करा.) मांडवा-सासवणे-चोंढी-अलिबाग, मग पेण रस्त्याने खंडाळे. फ्लॅट पेडल आणि ॲक्शनचे ट्रेकिंग शूज हे कॉम्बिनेशन फायनल. क्लीटवाल्यांशी (पेडलला अडकणारे बूट घालणाऱ्यांशी) वाद घालणार नाही, पण पायथ्याला बूट बदलत बसायचं, वर ते ओझं पाठीवर न्यायचं, हे या प्रकारच्या राईडला जमत नाही. आणि चेनला मेणच. ऑनलाइन मागवलेलं ते महागडं ड्राय ल्यूब बोटीच्या डेकवरच्या एका तासात निकामी होतं, दुसऱ्या दिवशी लिंकवर तांबूस ठिपके. पॅराफिन मेणावर अजून गंज नाही, आवाज पण नाही, या बाबतीत मी फार खूश आहे.

सायकल खंडाळ्यात लावली (पांढऱ्या कांद्याचे वाफे तयार करायचं काम जोरात होतं), धोंडाण्याच्या धबधब्याच्या बाजूने सिद्धेश्वर, तिथून माची. मुक्काम माचीवरच्या वाडीत. मावशींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली आणि म्हणाल्या, "काल दुपारी पाऊस पडून गेला ना, उद्या बघ, पार तिकडचं दिसेल." माझं ॲप, दवबिंदू, सगळं एका वाक्यात!

पहाटे गडावर. वानरटोकाच्या बाजूला जरा वेळ बसले, गवत ओलं होतं, वारा जवळजवळ नाही. उजाडलं तसं नेहमीच्या क्रमाने बघायला घेतलं. आधी थळच्या खत कारखान्याचा टॉवर, मग अलिबाग आणि कुलाबा, मग उंदेरी. उंदेरी लागली! दुर्बिणीतून, ८x४२ मधून, पाण्यावर तपकिरी बारीक पट्टी, आणि दोन मिनिटांनी कळलं की तिच्या मागे, किंचित वरच्या बाजूला, दुसरी पट्टी आहे. वरून बघताना लांबचं बेट जवळच्याच्या वर दिसतं, त्यामुळे आजवर जे एकच धूसर काहीतरी वाटायचं ती ही दोन बेटं होती. मग ऊन खाली उतरत गेलं आणि मागच्या पट्टीवर एक पांढरी उभी रेघ पेटली. खांदेरीचं दीपगृह, १८६७ चं. मी मोठ्याने ओरडले, ऐकायला कोणी नव्हतं.

आणि मग ते सगळं जे आपण वाचलेलं असतं ते समोर नकाशासारखं लागलं. १६७९ ला महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं, इंग्रज आणि सिद्दी दोघंही आडवे आले, पुढच्याच वर्षी सिद्दीने उंदेरी धरली. पुस्तकात ही दोन नावं एका जोडशब्दासारखी येतात, वरून बघितल्यावर कळतं की दोघं किती एकमेकांच्या उरावर बसलेत आणि थळचा किनारा उंदेरीला किती जवळ आहे. आणि सागरगड, म्हणजे कागदपत्रातला खेडदुर्ग, १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेलेल्या तेवीस किल्ल्यांतला एक का होता तेही. इथे बसलेल्या माणसाच्या नजरेतून एक गलबत सुटणार नाही. अर्थात हवा स्वच्छ असली तर!

नऊच्या आसपास खालची शेतं तापायला लागली आणि धुरक्याचा थरच्या थर वर आला. आधी खांदेरी गेली, मग उंदेरी. फोटोत काय आलंय? कच्च्या फोटोत फारसं नाही. पण फक्त लाल चॅनल ठेवून बाकीचे काढले की तटबंदीची रेघ निघते, कारण बारीक धुरक्यात निळा उजेड जास्त विखुरतो, लाल कमी. पोलरायझर (लेन्सवरचं चमक कापणारं फिल्टर) या कामाला घेऊ नका. सूर्य बरोबर पाठीशी असताना तो काहीच करत नाही, सूर्यापासून काटकोनात बघायचं असेल तेव्हाच उपयोग, म्हणजे इथून उत्तरेला किंवा दक्षिणेला.

पुढचा प्लॅन होता कनकेश्वर. आंग्र्यांच्या काळातल्या त्या सातशेच्या वर पायऱ्या, मापगावात सायकल ठेवून, देवाच्या पायरीवर दम घेऊन वर, आणि मुंबई बंदराच्या बाजूचं दृश्य, कारण तिकडे बघायला कनकेश्वर उत्तरेला असल्याने जास्त बरा. पण हे टाइप करता करता डोक्यात आलं की दीपगृह आहेच तर रात्री का बघू नये! दिव्याचा झोत माचीजवळच्या मोकळ्या कड्यावरून मध्यरात्री दिसतोय की नाही हीच हवेची चाचणी. दीपगृहाचा जो पल्ला यादीत छापतात तो दहा सागरी मैल दृश्यमानता धरून असतो, म्हणजे दिवा फिका दिसला किंवा दिसलाच नाही तर हवा किती खराब याचा अंदाज बसतो. दिसला तर पहाटे चढायचं, नाही तर झोपून राहायचं आणि सकाळी सरळ कनकेश्वरला जायचं. ॲपपेक्षा भरवशाचं होईल हे.

त्यामुळे कनकेश्वर आता दुसऱ्या दिवसावर ढकललाय, आधी परत सागरगड, अमावस्येच्या आसपास, म्हणजे दिवा ओळखायला सोपा. कुणाला यायचं असेल तर ट्रायपॉड आणा, माझा हलका आहे, वाऱ्यात थरथरतो. आणि कर्नाळ्याच्या किंवा सांकशीच्या किल्ल्याच्या बाजूने पश्चिमेला पाणी स्पष्ट दिसलं असेल कुणाला, तर महिना, वेळ आणि आदल्या दिवशी पाऊस होता का एवढं लिहा, फोटो नसला तरी चालेल.