‘ळ’ आणि ‘य’

रविवार, ७ डिसेंबर २०२५. रात्रीचे साडेदहा.

पाठ भरून आली आहे. सतरंज्या उचलायला आज कोणी थांबलंच नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर कविता ऐकायला जमायचं, याला आता तिसरं वर्ष लागलं. नियम दोनच. कवी खानदेशातला हवा आणि प्रत्येकाला दहा मिनिटं. दुसरा नियम अजून कोणी पाळलेला नाही.

आज मोजून तेवीस माणसं आली. डिसेंबरातल्या रविवारी जळगावचा माणूस कवितेला येईल, की कुणाच्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या भरताला? मलाही बोलावणं होतं. नाही म्हणताना जीव जरा खालीवर झालाच.

सुरुवात अमळनेरकडच्या एका आजोबांनी केली. एसटीत चालक होते. शेवटची गाडी चुकायला नको म्हणून पहिला नंबर त्यांनी मागूनच घेतला. अहिराणीत वाचलं. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला येणारा-जाणारा प्रत्येकजण ‘कथा चालना?’ म्हणजे ‘कुठं चाललास?’ विचारतो आणि उत्तर ऐकायला कोणीच थांबत नाही, अशी कविता. लोक पोट धरून हसले. हसण्यासारखीच होती, आणि शेवटी शेवटी ती हसण्यासारखी राहिली नाही, तेही त्यांनी फार सहज साधलं. एरवी ‘वा वा’ करणाऱ्यांना तिथं काय करावं ते कळेना.

मग यावल तालुक्यातल्या ताई उठल्या. पहिल्यांदाच आलेल्या. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जातात, घरी आल्यावर लिहितात. कविता आईवर. आईची नजर गेलीय, पण वेचणी सुटलेली नाही. बोटांना बोंड कळतं. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, त्यावरूनच तिला समजतं की इथला कापूस वेचून झाला, आता पुढं सरकायचं. मजुरी किलोवर, त्यामुळे काट्याकडे दुसऱ्याला बघायला सांगावं लागतं आणि तो सांगेल तेच वजन खरं.

पहिल्याच ओळीत ‘डोये’ आलं आणि माडी हसली.

मीही हसलो. हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मी फक्त ‘लोक हसले’ असंच आठवेन.

त्या थांबल्या नाहीत. तिसऱ्या-चौथ्या ओळीला हसू विरलं. पण पहिली ओळ गेली ती गेलीच.

चहाच्या वेळी हातातल्या कागदाकडे पाहिलं तेव्हा खरी गोम कळली. ऐकणाऱ्यांना नीट लागावं म्हणून आम्ही कवितांचे कागद वाटतो. टंकायचं काम माझ्याकडे. ताईंनी वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. त्यात स्वच्छ अक्षरात ‘डोये’, ‘काया’, ‘मया’ लिहिलेलं. मी त्यांचं ‘डोळे’, ‘काळा’, ‘मळा’ करून टाकलं होतं. करतोय हे कळलंसुद्धा नाही. तीस वर्षं मराठी शिकवलं, लाल पेन हातात नसलं तरी बोटं तशीच चालतात. लोकांनी कागदावर ‘डोळे’ वाचलं, कानावर ‘डोये’ पडलं. ते चुकीला हसले. चूक ताईंची नव्हतीच.

जवळ जाऊन माफी मागितली. ताई चहा फुंकत म्हणाल्या, ‘सर, मले वाटलं मीच चुकीचं लिहिलं का काय. कागद पाहून वाचायले लागली तर जीभ अडखये. मंग पालथा टाकला.’

यावर काय बोलणार?

आणि हे सगळं कुठं, तर बहिणाबाईंच्या जळगावात. त्यांचं माहेर आसोदं इथून हाकेच्या अंतरावर. बुधवारीच त्यांची पुण्यतिथी झाली, मीही हार घेऊन गेलो होतो. बाईंना लिहिता येत नव्हतं, त्या म्हणायच्या आणि घरातली माणसं टिपून घ्यायची. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी पुस्तक निघालं. आचार्य अत्र्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्या पुस्तकात ‘ळ’च्या जागी आलेला ‘य’ तसाच छापला, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल! विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव द्यायला आम्ही पुढे. शेजारच्या तालुक्यातली बाई वही घेऊन आली, तर तिची भाषा दुरुस्त करायलाही आम्हीच पुढे.

अध्यक्षीय समारोपात एका गृहस्थांनी १९०७चं कविसंमेलन काढलंच. ते दर वेळी काढतात. जळगावात भरलेलं, अध्यक्ष डॉ. कीर्तिकर, धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबरेला तिथंच ‘बालकवी’ म्हटलं गेलं. खरं आहे सगळं, पण मला हल्ली वेगळीच शंका येते. त्या दिवशी आणखी किती जणांनी वाचलं असेल आणि घरी जाताना त्यांच्या मनात काय असेल?

ताईंना स्टेशनवर सोडलं. भुसावळला भाचा मोटारसायकल घेऊन येणार होता. गाडी सुटताना उगाच मनात आलं, पुढचं स्टेशन भादली. बालकवी तिथंच रेल्वेखाली गेले, १९१८ साली, वय अवघं सत्तावीस. ताईंना सांगावंसं वाटलं, पण असलं काही गाडीत बसलेल्या माणसाला सांगू नये. ‘पोचल्यावर मिसकॉल द्या’ एवढंच म्हणालो. नऊ वाजून दहा मिनिटांनी आला.

जेवण झाल्यावर संगणक उघडला. एका फटक्यात सगळे ‘ळ’ बदलून ‘य’ केले, तर मथळ्यातलं ‘जळगाव’ही ‘जयगाव’ झालं. हसू आलं. मग त्यांच्या वहीचे फोटो समोर ठेवून एकेक शब्द ताडून पाहिला. एका ओळीवर पान दुमडलेलं आहे, तिथं ‘येय’ आहे की ‘वेय’ ते लागत नाही. मी ‘वेळ’ करून मोकळा झालो होतो.

उद्या सकाळी आठच्या आत फोन करायला हवा. त्यानंतर त्या शेतात जातात आणि तिथं रेंज नसते.