ऑफिस पणजीला, घर कुठे?

आजचा रविवार घरं बघण्यात गेला. ऑफिस पाटोवर, पण पणजी-पर्वरीची भाडी ऐकूनच हात जोडले. म्हापसा जवळ, साधारण 13 किलोमीटर, कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची, शटलही आहे. पण एजंट म्हणाला, "11 महिन्यांचंच अ‍ॅग्रीमेंट, पुढचं सीझन बघून." अहो, संसार थाटायचाय, पर्यटक नाही आम्ही!

मग फोंडा. बाणस्तारी, जुने गोवेमार्गे 30 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सकाळी तासभर धरायचाच. कुर्टीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हिने आधी नळ सोडून पाहिला, मग स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हात फिरवला, ओल नाही. मराठी शाळा चालत जाण्याएवढी जवळ. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. भाडं जमलंय, डिपॉझिटवरून ही आणि घरमालकीणबाई अजून फोनवर आहेत.