तेरा टन वाफ

टर्बाईनमध्ये तासाला 60 टन वाफ जात होती आणि एक्झॉस्टच्या, म्हणजे टर्बाईनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेच्या, मीटरवर 46-47 टनच दिसत होती. गळीत सुरू होऊन दहा दिवस झाले होते. दर तासाला तेरा टन वाफ जाते कुठे, हा प्रश्न रोज सकाळच्या मीटिंगमध्ये निघायचा आणि बोट बॉयलर हाऊसकडे जायचं.

साखर कारखान्यात वाफ दोनदा राबते. आमच्याकडे 67 किलो दाबाची, 490 अंशांची वाफ आधी टर्बाईन फिरवते. तिथून दीड किलोची होऊन बाहेर पडते आणि मग इव्हॅपोरेटरमध्ये रस आटवते. टर्बाईन बॅक-प्रेशरचं, म्हणजे जेवढी आत तेवढी बाहेर. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टच्या सीलमधून, सुटेल तेवढीच कमी. तेरा टन कमी यायला लाइन फुटायलाच हवी, आणि तशी फुटली असती तर आवाज शिवारापर्यंत गेला असता.

बॉयलरवरचे मामा पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "साहेब, मेक-अपचं रजिस्टर बघा की. डीएमचं पाणी गेल्या सालाएवढंच लागतंय. वाफ बाहेर गेली असती तर पाणी नसतं का वाढलं?" मामा फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट, तीस वर्षांची नोकरी. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. वाफेचं पाणी होऊन ते बॉयलरला परत येतं. जे हरवतं तेवढंच नवं, क्षार काढलेलं (डीएम) पाणी घालावं लागतं, तेच मेक-अप. मी ऐकलं आणि "बघतो" म्हणालो. मग दोन दिवस ट्रॅप, म्हणजे लाइनमध्ये साचलेलं पाणी सोडून वाफ अडवणारे व्हॉल्व्ह, तपासत फिरलो, सात ट्रॅप बदलले आणि 'ट्रॅप व ड्रेनमधून गळती' अशा रिपोर्टवर सही केली. त्या रिपोर्टवरून मामांना मेमो गेला.

प्रोसेसवाल्यांची काहीच तक्रार नव्हती. तासाला 136 टन गाळपावर त्यांचा वाफेचा खप उसाच्या 34 टक्के दिसत होता. आदल्या हंगामात तो 44 होता. आमची जुनी इव्हॅपोरेटरची मांडणी बघता 34 हा आकडा कोणालाही खटकायला हवा होता. पण आपल्या बाजूने पडलेला आकडा कोणी तपासत नाही, हे मी दर हंगामात बघतो.

अकराव्या रात्री दोनच्या सुमारास मी डीसुपरहीटरपाशी होतो. तिथे पाण्याचा फवारा मारून एक्झॉस्टची जादा उष्णता काढतात. त्याच्या पुढचा ड्रेन उघडला तर वाफेबरोबर पाणी आलं, आणि थांबेना. म्हणजे वाफ ओली, फवारा जास्त होतोय. कंट्रोल रूममध्ये येऊन बघतो तर स्क्रीनवर त्याच जागेची वाफ 16 अंश सुपरहीट, म्हणजे संपृक्त तापमानाच्या (त्या दाबाला पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या) 16 अंश वर. ऑटोवरचा फवारा त्याच आकड्यावर चालला होता. वाफेत पाणी आहे तोवर तिचं तापमान संपृक्त तापमानाच्या वर जातच नाही. ड्रेन आणि स्क्रीन यांतलं एकच खरं असणार होतं.

ड्रॉवरमधून जुनं स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या दाब-तापमानाचा तक्ता, काढलं. तापमान 126.4. ओल्या वाफेचा दाब तापमानावरूनच ठरतो, दुसरा पर्याय तिला नसतो. म्हणून टेबल उलटं वाचलं. 126.4 अंशांना दाब 2.42 बार. मीटरवर दीड किलो, म्हणजे 1.47 बार. वजा केलं, उरले 0.95. तो आकडा मला ओळखीचा होता. आमचा कारखाना समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे आणि इथल्या हवेचा दाब तेवढाच असतो.

ऑफ-सीझनला नवी डीसीएस, म्हणजे कंट्रोल रूमची संगणक सिस्टीम, बसवली होती. तिच्यातलं वाफेचं गणित उत्तम, 1997 साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेली आयएफ-97 ही सूत्रं. सुपरहीट वाफेच्या प्रदेशात आधी 9 पदं आदर्श वायूची, मग 43 पदं खऱ्या वाफेसाठी. पण ही सूत्रं निरपेक्ष दाब, म्हणजे हवेचा दाब धरून एकूण दाब, मागतात. आमचा ट्रान्समीटर गेज दाब, म्हणजे हवेच्या दाबाच्या वर जेवढा तेवढाच, देतो, आणि जुन्या सिस्टीममध्ये हवेचा दाब मिळवणारी जी एक ओळ होती ती नव्या सिस्टीममध्ये आलीच नव्हती. चाचणी घेताना कंत्राटदाराच्या माणसांनी ट्रान्समीटरच्या जागी 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल देऊन आकडा हलतो का एवढंच पाहिलं. स्टीम टेबल उघडून एक बिंदू ताडून बघायला पाच मिनिटं लागली असती. ते काम माझंही होतं.

पहाटेपर्यंत कागदावर सगळं उतरवलं. दाब कमी धरल्याने एक्झॉस्टची घनता खरीच्या 60 टक्के येत होती. ऑरिफिस मीटरमध्ये (लाइनमध्ये भोकाची चकती बसवून तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावरून प्रवाह काढतात) प्रवाह घनतेच्या वर्गमूळाने बदलतो, 0.6 चं वर्गमूळ 0.77, आणि 60 गुणिले 0.77 म्हणजे 46. टर्बाईनच्या आतल्या बाजूलाही हीच चूक होती, पण 67 किलोत एक किलो कमी धरला तर प्रवाहात पाऊण टक्क्याच्या आसपासच फरक पडतो. म्हणून तो आकडा बिनचूक दिसला आणि दोन्ही मीटर एकाच चुकीने चालले असतील अशी शंकासुद्धा कोणाला आली नाही.

सकाळी सिस्टीममध्ये 0.95 मिळवले. एक्झॉस्टचा आकडा 59 वर आला. फवारा कमी झाला, ड्रेन कोरडा झाला.

तो कागद घेऊन मी बॉयलरवर गेलो. मामांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, "मेक-अप वाढलं नव्हतं, हे यात कुठं लिवलंय?"

ते कुठेच नव्हतं. खाली बसलो, त्यांच्याकडून रजिस्टर मागून घेतलं आणि दहा दिवसांचे मेक-अपचे आकडे तारखांसह पहिल्या पानावर घातले. रिपोर्ट त्याच दुपारी वर गेला. मेमो मात्र अजून मामांच्या फाईलमध्ये आहे. तो मागे घ्यावा म्हणून मी दोनदा लेखी दिलंय. त्याला जोडलेल्या रिपोर्टवर माझी सही आहे.