उतू गेलं, आटलं, नासलं: इंग्लंडच्या स्वयंपाकघरातली फ्रेजल व्हर्ब

दुधाच्या तीन गती. लक्ष नसलं तर उतू जातं, मंद आचेवर राहू दिलं तर आटतं, बाहेर विसरलं तर नासतं. मराठीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत. इंग्लंडमध्ये पहिल्या दोन्हींना क्रियापद एकच, बॉइल. बदलतं ते फक्त शेपूट. अशा शेपूटवाल्या क्रियापदालाच फ्रेजल व्हर्ब म्हणतात. बॉइल ओव्हर म्हणजे उतू जाणं, बॉइल डाउन म्हणजे आटणं किंवा आटवणं. नासलेल्या दुधाला म्हणतात, द मिल्क हॅज गॉन ऑफ. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून शिकायला किंवा नोकरीला इकडे येणाऱ्यांचं पुस्तकी इंग्रजी पक्कं असलं, तरी चार जणांच्या सामायिक स्वयंपाकघरात त्यांची अडचण होते ती या शेपटांमुळे.

सीमाभागातल्या माणसाकडे याची किल्ली मात्र आधीपासून आहे, तीही दोन भाषांतली. पोराला आपण "खा" म्हणतो आणि "खाऊन टाक" म्हणतो, त्यात फरक आहे. कन्नडमध्ये तोच फरक "तिन्नु" आणि "तिंदुबिडु"मध्ये आहे. टाकणं किंवा बिडु इथे आपला मूळ अर्थ सोडून "पुरतं संपव" एवढंच सांगतात. इंग्रजीतलं अप पुष्कळदा नेमकं हेच काम करतं: ईट अप, ड्रिंक अप. "यूज अप द कोरिएंडर" म्हणजे कोथिंबीर वापरून टाक. कांदा कट अप करताना वर काहीच जात नाही, सगळ्याचे तुकडे होतात. म्हणून अपचं भाषांतर "वर" असं करू नका. ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही, पण बऱ्याच कुलपांना लागते. एक जपा: "ईट अप" हे लहान मुलांना सांगायचं. पाहुण्याला "टक इन" किंवा "हेल्प युअरसेल्फ" म्हणा, म्हणजे आपलं "घ्या की अजून" तिथे पोचतं.

आता शब्दक्रम. "कट अप द अनियन" आणि "कट द अनियन अप" दोन्ही चालतं. नामाच्या जागी इट आलं की ते मधेच बसतं: "कट इट अप". "कट अप इट" कधीच नाही. बोलताना तिन्ही शब्द एक होऊन "कटिटप" असं कानावर येतं आणि जोर शेवटच्या अपवर पडतो. ऐकून कळत नाही ते बहुधा या जोडामुळे; शब्द ओळखीचेच असतात. याउलट बॉइल ओव्हर आणि नासण्याच्या अर्थाचं गो ऑफ यांना कर्म लागत नाही. "आय बॉइल्ड ओव्हर द मिल्क" चूक. उतू जातं ते दूध. आपल्या हातून झालं हे सांगायचं असेल तर "आय लेट द मिल्क बॉइल ओव्हर".

हे सगळं एकाच कढईत शिकायचं असेल तर कुंद्यासारखा, म्हणजे दूध आटवून करायच्या बेळगावच्या मिठाईसारखा, पदार्थ नाही. निळ्या झाकणाचं दूध घ्या, ते सायीसकटचं असतं; हिरव्या झाकणाचं अर्ध्या सायीचं, लाल झाकणाचं साय काढलेलं. 1 लिटर दूध उकळीला आणा, म्हणजे ब्रिंग टु द बॉइल. शेगडीला इकडे हॉब म्हणतात. तो टर्न डाउन करा, म्हणजे आच मंद करा. मग बॉइल डाउन सुरू. कडेला चिकटणारी साय पुन्हा दुधात ढकलायची, हे स्क्रेप डाउन द साइड्स. मोठा चमचाभर दही स्टर इन केलं, म्हणजे ढवळत मिसळलं, की दूध दाणेदार फुटतं. शेवटी 100 ते 125 ग्रॅम साखर, त्यातली थोडी कोरड्या कढईत तांबूस करून, म्हणजे रंग येतो. हात थांबला तर दूध बुडाला लागतं. इंग्लंडमध्ये त्याला नुसतं कॅच म्हणतात. पाणी पूर्ण उडून गेलं तर बॉइल अवे, आणि भांडंच कोरडं पडलं तर बॉइल ड्राय.

आटवण्याच्या पाककृती वाचताना एका बारीक शब्दावर डोळा ठेवा. "बॉइल डाउन बाय अ थर्ड" म्हणजे एक तृतीयांश उडवा; 1 लिटरचे सुमारे 670 मिलिलिटर उरले पाहिजेत. "बॉइल डाउन टु अ थर्ड" म्हणजे एक तृतीयांश उरवा, सुमारे 330. बाय आणि टु यांची अदलाबदल झाली की घट्ट व्हायची ती खीर पातळ राहते, किंवा रश्श्याचा गोळा होतो.

सगळ्यात फसवं शेपूट ऑफ. टर्न ऑफ म्हणजे बंद करणं हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं, म्हणून "द अलार्म वेंट ऑफ" ऐकलं की अलार्म बंद झाला असं वाटतं. अर्थ नेमका उलटा आहे: तो वाजायला लागला. आपल्या फोडणीशी याचा थेट संबंध येतो. मिरची-मोहरीचा धूर छतावरच्या धुराच्या अलार्मला पोचला की तुम्ही तो सेट ऑफ केलात, म्हणजे वाजवलात, आणि वसतिगृहात असाल तर सगळ्या इमारतीला खाली उतरावं लागतं. तेल तापवण्याआधीच एक्स्ट्रॅक्टर फॅन (धूर बाहेर ओढणारा पंखा) लावा आणि खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार मात्र बंद ठेवा. गो ऑफचा आणखी एक अर्थ आहे: "आय हॅव गॉन ऑफ कॉफी" म्हणजे कॉफी नासली नाही, माझं मन तिच्यावरून उडालं.

मीठ संपलं तर "सॉल्ट इज ओव्हर" म्हणू नका. ओव्हर होतो तो समारंभ. "वी हॅव रन आउट ऑफ सॉल्ट" म्हणा. इथे रन, आउट, ऑफ हे तिन्ही शब्द लागतात; शेवटचं ऑफ (हे of, वरचं off नव्हे) गाळायचं नाही. उरलेलं अन्न म्हणजे लेफ्टओव्हर्स, आणि रात्रीच्या भाताची सकाळी फोडणी घालणाऱ्या आपल्या घरांसाठी हा शब्द महत्त्वाचा. ब्रिटनमधली शिफारस अशी: भात शक्यतो तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये ठेवा, 24 तासांत खा, आणि एकदाच गरम करा. कारण बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष गरम केल्यानं जात नाही. पाकिटावर हीट थ्रू लिहिलेलं असतं तेव्हा थ्रूकडे बघा: वरून वाफ आली एवढं पुरत नाही, मधोमध कढत झालं पाहिजे.

कॅफेत "ईट इन ऑर टेक अवे?" विचारतात त्यामागे कर असतो. बसून खाल्लं तर 20 टक्के व्हॅट. थंड पदार्थ बांधून नेला तर बहुतेक वेळा शून्य. म्हणून एकाच सँडविचच्या दोन किमती दिसतात. अमेरिकेत हाच प्रश्न "फॉर हिअर ऑर टु गो?" असा येतो.

डॉक्टर "कट डाउन ऑन शुगर" म्हणाले तर साखर कमी करायची, "कट आउट शुगर" म्हणाले तर पूर्ण सोडायची. "कॅन यू कीप फूड डाउन?" म्हणजे खाल्लेलं पोटात टिकतं की उलटून पडतं.

झटपट काहीतरी करून वाढलं तर व्हिप अप म्हणा. इंग्लंडात त्यालाच नॉक अप म्हणतात, पण अमेरिकेत त्याचा अर्थ गरोदर करणं असा होतो, तेव्हा ते टाळलेलंच बरं. वॉश अपचंही तसंच: इंग्लंडात भांडी घासणं, अमेरिकेत हात-तोंड धुणं. जेवण झाल्यावर घरातल्या कुणी "हूज वॉशिंग अप?" विचारलं तर हात पुसत उभे राहू नका, सिंककडे वळा.