तुम्ही विचारलंत म्हणून: 'तीन महिन्यांची शुगर' म्हणजे काय?

इंदुरातली आपली मराठी मंडळी तपासणीसाठी रक्त द्यायला येतात, तेव्हा मला, म्हणजे पॅथॉलॉजीच्या डॉक्टरला, एक प्रश्न हमखास विचारतात: "चार दिवस सराफ्यातलं, म्हणजे आपल्या खाऊबाजारातलं, गोडधोड बंद ठेवलंय, आता एचबीएवनसी कमी येईल ना?"

एचबीएवनसी म्हणजेच ही 'तीन महिन्यांची शुगर', आणि चार दिवसांच्या पथ्याने हा आकडा फारसा हलत नाही. रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते आणि एकदा पक्के चिकटले, की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असल्यामुळे, अशा साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनच्या टक्केवारीवरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. मात्र त्या आकड्यातला जवळपास निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो, त्यामुळे महिनाभर नेटाने पाळलेले पथ्य त्यात निश्चित दिसते.

५.७ टक्क्यांच्या खाली सामान्य, ६.४ पर्यंत मधुमेहाची पूर्वावस्था आणि ६.५ पासून पुढे मधुमेह, असे मानतात. लक्षणे नसतील तर निदान करण्याआधी पुन्हा तपासून खात्री करतात.

मला खरी काळजी वाटते ती हा आकडा एकटाच वाचण्याच्या सवयीची. तो तांबड्या पेशींच्या आयुष्यावर बेतलेला असल्यामुळे ते आयुष्य बदलले, की साखर तीच असूनही आकडा बदलतो. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असलेल्या बायकांमध्ये, आणि आपल्या घरांमध्ये अशा बायका पुष्कळ आहेत, तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. याउलट सिकल सेलच्या, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजारात पेशी लवकर फुटतात आणि साखरेला चिकटायला पुरेसा अवधीच मिळत नाही. झाबुआ-आलीराजपूरच्या आदिवासी समाजात हा आजार आढळतो आणि तिकडचे रुग्ण उपचारांसाठी इंदूरला येतात. त्यांच्यातल्या एखाद्या मधुमेह्याचा रिपोर्ट फसवा चांगला दिसला, तर औषध वाढवायचे राहून जाते, आणि मला हे अधिक धोक्याचे वाटते. अशा वेळी उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर थेट मोजणे किंवा मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसमाइन तपासणी करणे योग्य ठरते.

तेव्हा रिपोर्ट हाती आला, की त्यासोबत हिमोग्लोबिनही पाहा, आणि गेल्या काही महिन्यांत रक्त चढवले असेल, तर नमुना देण्यापूर्वीच तसे आम्हाला आवर्जून सांगा.