माळावर वस्तीला येणारे भोवते

हिवाळ्यात पुण्याहून भिगवणला लोकांना पक्षी दाखवायला नेणे हा माझा व्यवसाय आहे आणि त्यातले बाहेरच्या माणसाला सहसा न सुचणारे काम म्हणजे निघण्यापूर्वी उजनीच्या पाणीपातळीची चौकशी करणे. धरण तुडुंब असले की काठचा चिखल पाण्याखाली राहतो आणि चोच उलटी धरून चिखलपाण्यातून अन्न गाळणाऱ्या रोहितांना (फ्लेमिंगोंना) तेथे उभेच राहता येत नाही. पाणी सुटून पातळी उतरली की गाळपेरीच्या शेतांपुढचा उथळ पट्टा उघडा पडतो आणि मग थवे उतरतात. हे पाहुण्यांना कितीही समजावले तरी आपण पैसे गुलाबी थव्याचेच दिले आहेत, ही त्यांची समजूत सुटत नाही.

जानेवारीतल्या त्या दिवशी पाणी सोयीचे होते. कुंभारगावच्या काठावरून नाव निघाली आणि पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, मोर शराटी असे एकापाठोपाठ एक समोर येत गेले. रोहितही होते. उडत्या थव्याचे छायाचित्र हवे म्हणून एका पाहुण्याने नावाड्याला नाव थेट थव्यात घालायला सांगितले, तेव्हा त्या तरुण नावाड्याने उत्तर न देता इंजिन बंद केले आणि बांबू हातात घेतला. पक्षीनिरीक्षणाचे सगळे शिष्टाचार पाठ असलेल्या कित्येक सुशिक्षितांपेक्षा त्याला अधिक कळते, असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारी चिलापीचे जेवण झाले आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत आम्ही माळाकडे निघालो.

माळ नेमका कोणता, ते मी सांगणार नाही. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमेवरचा आहे, एवढे पुरे. कुसळी, पवन्या, मारवेल, मधूनच एखादी बोर किंवा हिवर, बाकी सगळे उघडे. असा माळ पाहुण्यांना विकणे कठीण जाते, कारण गाडीतून उतरल्यावर तेथे काहीच दिसत नाही. धाविक पक्षी पायाजवळून पळेपर्यंत ढेकूळच वाटतो आणि पखुर्डी पक्षीण उडेपर्यंत असतेच कुठे, हे कळत नाही. मी मात्र सायंकाळसाठी आलो होतो. वाटेत भेटलेल्या मेंढपाळाने आपला कळप वळवून लांबून नेला आणि सांगितले, "सायेब, त्या अंगाला नका जाऊ, तिथं पाखरं वस्तीला येत्यात." तो हे एखाद्याच्या घराविषयी बोलावे तितक्या सहजपणे बोलला.

ती पाखरे म्हणजे भोवते. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून हिवाळ्यात येणारे हे शिकारी पक्षी दिवसभर माळावर आणि शेतांवर एकेकटे, जमिनीलगत तरंगत नाकतोडे, चंडोल, उंदीर शोधतात आणि संध्याकाळी मात्र एकाच गवताच्या तुकड्यात, जमिनीवर, एकत्र झोपतात. सूर्य कलला तसे ते आधी शेजारच्या नांगरटीत येऊन ढेकळांवर बसले. मग एकेक उठून गवतावर घिरट्या घालू लागला, बसला, पुन्हा उठला. मी दुर्बीण तिकाटण्यावर लावून सगळ्यांना बांधावरच थांबवले होते. नर ओळखणे सोपे असते. मॉन्टेग्यूच्या भोवत्याच्या राखी पंखावर आडवी काळी रेघ असते, तर पांढुरका भोवत्या जवळजवळ पांढरा असून त्याच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर असते. खरी परीक्षा माद्यांची आणि पहिल्या वर्षाच्या पिल्लांची, कारण दोन्ही जातींत त्या तपकिरी आणि पाठीच्या शेवटी पांढरा पट्टा असलेल्या असतात. सूर्यास्ताच्या प्रकाशात सगळ्यांचेच पोट तांबूस दिसते, म्हणून रंगावर विसंबून चालत नाही. कानामागच्या गडद चंद्रकोरीच्या मागे फिकट गळपट्टा आहे का, एवढे एकच लक्षण त्या घाईत धरून ठेवावे लागते, कारण तो पांढुरक्या भोवत्यात ठळक असतो. ज्यांचा गळपट्टा दिसला नाही, त्यांची नोंद मी 'भोवत्या, जात अनिश्चित' अशीच केली. एका पाहुण्याला हा कमीपणा वाटला, पण खोट्या नेमकेपणाने भरलेल्या याद्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. अंधार पडेपर्यंत तिशीच्या पुढे पक्षी उतरले.

त्याच गवतात मला चुन्याच्या फक्कीच्या रांगा दिसल्या. सारख्या अंतरावर आखलेल्या, खड्ड्यांसाठीच्या. एका सद्गृहस्थांनी आनंदाने विचारले, "सर, इथे झाडं लागणार म्हणजे पुढच्या वर्षी आणखी पक्षी येतील, नाही का?" ते दर वाढदिवसाला रोपांसाठी देणगी देतात आणि त्यांच्या सद्‌भावनेविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला चहूकडचे मोकळे दिसावे लागते. तेथे गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की तो जागा सोडतो, हे मला त्यांना परतीच्या वाटेवर बराच वेळ सांगावे लागले. पाणथळ जागेचे तसे नाही. तिच्यासाठी 1971 चा रामसर हा आंतरराष्ट्रीय करार आहे, 1987 पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्ष्यांची गणना होते, नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांची नावे त्या कराराच्या जागतिक यादीत आहेत. माळरान मात्र सरकारी नकाशात 'पडीक' म्हणून नोंदले जाते आणि पडीक जमिनीवर कोणीही उपकार करायला धावतो.

तेव्हापासून मला एकच प्रश्न सतावतो आहे. भोवत्यांची वस्ती जाहीर केली तर पुढच्या शनिवारी तेथे कॅमेऱ्यांच्या गाड्या लागतील, आणि जाहीर केली नाही तर त्या जागेत काही आहे, हे कागदावर कधीच येणार नाही. शेवटी मी ज्यांच्याकडे लागवडीचे काम आहे, त्यांना अर्ज दिला. गट क्रमांक दिला, पक्ष्यांची संख्या दिली, जीपीएस असलेली छायाचित्रे दिली नाहीत. उत्तर नम्र होते: पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, जागेची प्रत्यक्ष पाहणी करून निर्णय घेण्यात येईल. भोवते एप्रिलपर्यंत निघून गेलेले असतात. मेमध्ये पाहणाऱ्याला तेथे वाळलेले गवत आणि चुन्याच्या रांगा दिसतील, फार तर गवताच्या बुडाशी पक्ष्यांनी ओकून टाकलेले गोळे सापडतील, ज्यांत नाकतोड्यांचे पाय ओळखू येतात, पण ते वाकून शोधावे लागतात. मी दुसरा अर्ज केला आहे की पाहणी थंडीत आणि सूर्यास्ताच्या वेळी करावी, कार्यालयीन वेळेनंतर थांबण्याची तयारी ठेवावी आणि सोबत त्या मेंढपाळाला घ्यावे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.